रेवाताईंचा काटा आणि सुधारणा समिती

एका जंगलात, उंबराच्या ढोलीत, एक दवाखाना होता. हसू नका, मुलांनो. जंगलातसुद्धा पोट दुखते, दाढ ठणकते आणि पायात काटा मोडतो.

डॉक्टर होते साळिंदर. सुया अंगावरच असल्यामुळे सर्वांनी मिळून त्यांनाच डॉक्टर केले होते. स्वभावाने अगदी गरीब. उजाडले की बसायचे आणि ऊन डोक्यावर आले की उठायचे. औषधाच्या पुड्या खारूताई बांधून द्यायची.

गर्दी मात्र फार. नंबर लावायचा म्हणजे ओळीत आपले एक पान ठेवायचे आणि चरायला जायचे. वारा सुटला की पाने उडायची. मग पहिला आलेला ससा शेवटचा ठरायचा आणि नुकतेच आलेले रानडुक्कर म्हणायचे, "हे पान माझंच आहे. मी ओळखतो ना माझं पान."

ही भांडणे राजाच्या कानावर गेली. राजाने हुकूम काढला. दवाखाना सुधारावा. सुधारताना रुग्णांना विचारावे. त्यासाठी समिती नेमावी आणि समितीत निदान एक खराखुरा रुग्ण असावा. रुग्ण नसेल तर सभा भरवू नये.

हुकूम चांगलाच होता, बरं का. राजाच्या मनात काही वाईट नव्हते.

हत्तीणबाई अध्यक्ष झाल्या. त्या जन्मात कधी आजारी पडल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता. पाहुणे आले तर बरे दिसावे म्हणून मोराला घेतले. कोल्हा चिटणीस झाला, कारण जंगलातल्या सगळ्याच समित्यांचा चिटणीस तोच होता. डॉक्टरांना तर बसावेच लागणार होते.

राहिला रुग्ण. कोल्हा ओळीपाशी गेला. ससा म्हणाला, पोरे घरी एकटी आहेत. माकड तयार होते, पण त्याची उचकी वाट बघता बघताच थांबली होती. शेवटी कोल्ह्याला रेवा चितळीण दिसली. ती तीन पायांवर उभी होती. पुढच्या उजव्या खुरात बाभळीचा काटा रुतला होता.

"रेवाताई, समितीत येता का?"

"नको हो. माझा नंबर जाईल."

"नंबर कशाला हवा? डॉक्टर तुमच्या शेजारीच बसणार आहेत."

रेवाताईंना ते पटले. त्यांना घाईच होती. पाणवठा आटत चालला होता आणि आठ दिवसांनी त्यांचा कळप टेकडीपलीकडच्या तळ्यावर जाणार होता. तीन पायांवर टेकडी चढता येत नाही. आणि मागे एकट्या राहिलेल्या चितळिणीचे काय होते, ते मी सांगत नाही. तुम्हाला झोप लागायला हवी.

सभा सकाळीच ठेवली. कारण त्या वेळी डॉक्टर हमखास भेटतात. ओळीतले रुग्ण बाहेरून सभा बघत बसले.

आधी स्वागत झाले. मग राजाचे आभार मानले. मग नंबरासाठी सागाचे पान असावे की पळसाचे, यावर मोर पुष्कळ बोलला. तेवढ्यात डॉक्टर हळूच रेवाताईंकडे वाकले.

"कुठला पाय?"

"हा पुढचा."

"द्या इकडे. दोन मिनिटांचं काम आहे."

"डॉक्टर," कोल्हा म्हणाला, "काय करताय तुम्ही?"

"काटा काढतोय."

"आणि काटा निघाल्यावर ताई रुग्ण कशा राहतील? रुग्ण नाही तर सभा नाही. सभा नाही तर सुधारणा नाही. तुम्हाला सुधारणा नको आहेत, असं लिहू का?"

डॉक्टरांनी घाबरून पाय खाली ठेवला.

"थोडी कळ काढा, ताई," हत्तीणबाई मायेने म्हणाल्या. "तुमच्या एका पायामुळे सगळ्या जंगलाचं भलं होतंय."

रेवाताई भल्या होत्या. त्यांनी कळ काढली.

दुसऱ्या दिवशी सभा. तिसऱ्या दिवशी सभा. 'रुग्णाचे मनोगत' हा विषय रोज शेवटी असायचा आणि तिथपर्यंत येईस्तोवर हत्तीणबाईंची अंघोळीची वेळ व्हायची. बाहेरची ओळ वाढत होती. रेवाताईंचा पाय सुजत होता.

पाचव्या दिवशी एकदाची त्यांची पाळी आली.

"माझं एकच सांगणं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या पायातला काटा काढावा."

"ही वैयक्तिक तक्रार झाली," कोल्हा म्हणाला. "सूचना व्यापक हवी."

रेवाताईंनी जरा विचार केला. "मग सगळ्यांच्याच पायांतले काटे काढावेत."

"वा," मोर म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. काटा म्हणजे नेमके काय, हे ठरवायला एक उपसमिती नेमली. तिच्यावर रेवाताईंनाच घेतले, कारण अनुभव त्यांचा होता.

आठव्या दिवशी सभा रंगात आली असताना ढोलीच्या दाराशी रेवाताईंची आत्या येऊन उभी राहिली. कळप तिच्या शब्दावर चालायचा.

"रेवे, झालं का गं तुझं?"

"सभा चालू आहे, आत्या."

"आठ दिवस? अगं, काटा आहे की खांब?" आत्याने आत बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "आम्ही निघालो. ऊन चढायच्या आत टेकडी ओलांडायची आहे. येणार असशील तर आत्ता ये."

रेवाताईंनी पाय टेकून बघितला. टेकवत नव्हता. त्या कोल्ह्याकडे वळल्या.

"चिटणीसदादा, फराळाची सुट्टी कधी आहे?"

"मीही केव्हापासून तेच विचारणार होतो," मोर म्हणाला.

कोल्ह्याने पोटावरून हात फिरवला. "ठीक आहे. अर्धा तास सुट्टी."

"म्हणजे आत्ता सभा नाही?"

"नाही."

"तसं लिहा ना."

लिहायला सांगितले की कोल्हा कधी नाही म्हणत नसे. त्याने पानावर लिहिले, 'सभा स्थगित.' आणि तो फराळाला गेला.

रेवाताईंनी पाय उचलून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

"डॉक्टरसाहेब, या घडीला मी समितीत नाही. मी नुसती पेशंट आहे."

डॉक्टरांनी एकदा मागे बघितले. मग ते वाकले, दातांत काटा धरला आणि ओढला. दोन मिनिटेही लागली नाहीत. खारूताईने पाल्याची पुडी बांधून दिली. पाय दुखत होता, पण टेकत होता. रेवाताई बाहेर पडल्या, आधी लंगडत आणि मग पळत, आणि आत्याच्या पाठोपाठ टेकडीच्या झाडीत दिसेनाशा झाल्या.

फराळ करून समिती परतली. रुग्णाची जागा रिकामी. कोल्ह्याने अहवालात लिहिले, 'रुग्ण प्रतिनिधी पूर्वसूचना न देता गैरहजर. रुग्णांमध्ये सहभागाची आवड कमी आढळते.'

ओळीतल्यांनी आठ दिवस सभा बघितली होती, त्यामुळे समितीत यायला कोणीच तयार होईना, आणि नवा रुग्ण मिळेपर्यंत सभा भरवता येईना. सभा नाही म्हणून डॉक्टरांना सकाळभर दुसरे काम राहिले नाही. ते ढोलीत बसून रुग्ण तपासू लागले. ससा बरा झाला. रानडुक्कर बरे झाले. ओळ आखडत गेली आणि एके दिवशी संपली. कोल्हा रोज येऊन कोणी लंगडते आहे का, कोणी खोकते आहे का, ते बघून परत जायचा.

शेवटी समितीने राजाकडे तक्रार केली, की डॉक्टर रुग्णांना परस्पर बरे करतात, त्यामुळे रुग्णांच्या सहभागात अडथळा येतो.

राजाने डॉक्टरांकडून खुलासा मागवला आहे.

तात्पर्य: मुलांनो, दवाखाना सुधारायचा तर रुग्णांचा सहभाग हवाच. म्हणून आजारी पडलात की आधी समितीला कळवा, आणि समितीचे काम संपेपर्यंत कृपा करून बरे होऊ नका.