म्हशीच्या निर्दोषत्वाचा ठराव

मनुष्यप्राण्याचा आरंभ एका पेशीतून होतो आणि तो घरातल्या कर्त्या माणसाला न विचारता होतो, ही निसर्गाच्या कारभारातली गंभीर त्रुटी आहे. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यांचा आतून पोकळ असा गोळा बनतो आणि आणखी थोड्या दिवसांत तो गर्भाशयाच्या भिंतीत मुक्काम ठोकतो. एवढ्या उलाढालीत कुठे सभेची सूचना नाही, कोरम नाही, अध्यक्षांची सही नाही. त्याहून वाईट म्हणजे, मुलगा की मुलगी हा एकमेव महत्त्वाचा विषय पहिल्या पेशीतच, बापाकडून आलेल्या हिश्शावर, परस्पर मिटवून टाकलेला असतो.

हंबीररावांना ही अनागोंदी मान्य नव्हती. गडहिंग्लज भागातल्या एका गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन, आणि त्यांच्या मंजुरीशिवाय संस्थेत खुर्चीसुद्धा जागची हलत नसे. (एकदा हलली होती. शिपायाला लेखी खुलासा द्यावा लागला.)

मात्र माणूस शास्त्राच्या विरोधात मुळीच नव्हता. २००१ साली गावातल्या म्हशींना ओळीनं रेडेच व्हायला लागले. रेडी झाली तर पुढच्या दुधाची सोय होते, घरधनी हसतमुखानं गल्लीत खरवस वाटतो. रेडा झाला की तोच माणूस चार दिवस कोणाशी धड बोलत नाही. सभासद म्हशींवर चिडले, काहींनी त्यांची पेंड तोडली. तेव्हा हंबीररावांनी पशुवैद्य बोलावून व्याख्यान ठेवलं, पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि वार्षिक सभेत स्वतः ठराव मांडला: 'रेडी न होण्यास म्हैस कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. ते सर्वस्वी नरावर अवलंबून असते. सबब म्हशीस मारहाण करू नये, तिची पेंड तोडू नये व तिला टाकून बोलू नये.' ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. (विरोधी मत पडलं नाही. रेडे सभासद नाहीत.) इतका पुढारलेला ठराव पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या संस्थेनं केल्याचं ऐकिवात नाही.

त्याच वर्षी त्यांची सून अक्षता तिसऱ्या खेपेला गरोदर राहिली. आधीच्या दोन मुली. घरानं ताबडतोब उपाययोजना हाती घेतली. सूर्योदयापूर्वी, पूर्वेकडे तोंड करून, खोंड झालेल्या गाईच्या दुधातून एक हिरवी पूड. ही पूड तिसऱ्या महिन्यात गर्भाचा निकाल फिरवते म्हणतात. तिसऱ्या महिन्यात गर्भाचं काळीज केव्हाच धडधडू लागलेलं असतं, हाताची बोटं सुटी झालेली असतात. म्हणजे सभा उरकून सभासद घरी जेवायला बसल्यावर विषयपत्रिका वाटण्याचाच हा प्रकार. पण सहकारात तेही चालतं.

पूड ही नुसती तरतूद. खात्री म्हणजे तपासणी. तपासून सांगायला कायद्यानं बंदी असल्यामुळे सीमेपलीकडचे एक डॉक्टर कायदा काटेकोर पाळत, तोंडातून अवाक्षर काढत नसत. तपासणीनंतर चहा येई. कप बशीसकट आला तर पेढे सांगायचे. नुसताच कप आला तर 'बाई अशक्त आहे, तिला पेलवणार नाही' असं ठरे आणि बाई दुसऱ्या दिवशी रिकामी होऊन परते. (तिथे बशा फुटण्याचं प्रमाण काय होतं, याची आकडेवारी उपलब्ध नाही.)

जीप ठरली. आदल्या संध्याकाळी सोप्यात घरगुती सभा भरली: हंबीरराव, त्यांची पत्नी मीनाबाई आणि मुलगा संग्राम. अक्षता ही विषय असल्यामुळे तिला निमंत्रण नव्हतं. ती आपणहून आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"मामा, म्हशीचा दोष न्हाय म्हणून तुमीच ठराव मांडलासा न्हवं?"

"व्हय की," चेअरमन अभिमानानं म्हणाले.

"मग तपासायला मला कशाला? ह्यास्नी न्या की."

संग्राम, जो या प्रकरणात निम्म्याचा भागीदार होता, पंख्याकडे बघू लागला.

"म्हस येगळी, माणूस येगळं!" हंबीरराव गरजले.

"व्हय की. म्हशीसाठी ठराव हाय, माझ्यासाठी न्हाय." अक्षता चौकट सोडून पुढे आली. "मी जीपमधी बसणार न्हाय. पूड बी घेणार न्हाय. पोटात हाय त्ये माझं हाय."

हंबीररावांनी नियमाप्रमाणे विचारलं, "अनुमोदन कुणाचं?" सुनेला अनुमोदक मिळत नाही, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

"माझं," मीनाबाई म्हणाल्या. संग्रामच्या आधी त्यांना तीन मुली झाल्या होत्या आणि त्या काळात लोक काय काय बोलले ते त्या विसरल्या नव्हत्या. "ती पूड म्या बी प्यालीया. चार बारीला. नुसतं त्वांड कडू हुतं."

सुनेला मत आहे का, अशी हरकत चेअरमननी घेतली. उद्यापासून भाकरी कोण थापणार, असं मीनाबाईंनी विचारल्यावर ती मागे घेण्यात आली. बाजूनं दोन, विरोधात एक, तटस्थ एक. तटस्थ माणसाला नंतर जे ऐकून घ्यावं लागलं ते इतिवृत्तात नाही. हंबीरराव आयुष्यात पहिल्यांदा पडले आणि जीप रद्द झाली.

दिवस भरले तेव्हा गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात हंबीरराव बाहेरच्या बाकावर बसून होते. मिठाईवाल्याला त्यांनी 'पेढे की बर्फी ते मागाहून कळवतो' असा निरोप धाडला होता. दार उघडून मलिका नर्स बाहेर आल्या.

"पावणं, बाळ-बाळंतीण दोघंबी खुशाल हाईत," त्या म्हणाल्या आणि घाईनं परत आत गेल्या.

"अवो, पर झालं काय?" हंबीरराव अर्धवट उठत ओरडले. दार लागलं होतं.

गोष्ट इथे संपली. अक्षता सुखरूप आहे, बाळ सुखरूप आहे. ज्याची काळजी होती ते सगळं नीट पार पडलं. वाचकहो, तुम्ही सुशिक्षित आहात. हंबीररावांना मनसोक्त हसलात, अक्षताच्या बाजूनं मनातल्या मनात मतही दिलंत, त्याबद्दल आभार. तरीही 'पण झालं काय?' असं तुमच्या ओठांवर आलंच असेल, तर संकोच करू नका. बाकावर हंबीररावांच्या शेजारी जागा आहे.