मधली कमान

सकाळी सव्वाअकराला कमानसाहेबांच्या हातात पूल तुटला.

आयुष्यात त्यांनी एकतीस पूल बांधले होते. त्यांवरून मालगाड्या गेल्या, त्यांच्याखालून चार मोठे पूर गेले, पण एकाचाही साधा कठडा हलला नव्हता. कमानीच्या पुलांवर त्यांचा विशेष जीव, म्हणून ऑफिसात कमानसाहेब हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही ते चिकटून राहिलं. हा तुटलेला पूल मात्र जेमतेम दीड वीत लांबीचा आणि चांदीचा होता. इंजिनिअरांच्या संस्थेचा उत्कृष्ट कामगिरीबद्दलचा फिरता करंडक तो हाच. दोन टोकांना दोन छोट्या कमानी, मधे एक लांबलचक, चपटी, डौलदार कमान, खाली शिसवी बैठक आणि बैठकीभोवती आजवरच्या मानकऱ्यांच्या नावांच्या पितळी पट्ट्या. ज्याला मिळेल त्यानं वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या समारंभाला परत करायचा. मागच्या वर्षी तो कमानसाहेबांना मिळाला होता. पुढचा समारंभ आज संध्याकाळी सहाला होता.

वर्षभर त्यांनी करंडकाला कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांची बायको शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणायची. बाई दिवाणखान्यातलं कपाट पुसायला लागल्या की साहेब वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांच्या हातांकडे बघत बसायचे. आज परत द्यायचा तर लखलखीत करून द्यावा म्हणून त्यांनी स्वतःच फडकं घेतलं, चांदी पुसायची पावडर घेतली आणि मधल्या कमानीवर अंगठा दाबून गोल गोल घासायला सुरुवात केली. तिसऱ्या फेऱ्याला टिक्क असा बारीक आवाज झाला.

बाई स्वयंपाकघरातून आल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग हातात काय आहे?"

हातात काय आहे ते साहेबांनी एकदा नीट पाहून घेतलं. "मधली कमान."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. "वजन किती पडलं तिच्यावर?"

"अंगठ्याचं."

"एकतीस उभे आणि एक पडला," बाई म्हणाल्या. "बत्तीसात एक. तसं फार वाईट नाही."

साहेबांना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर संस्थेचे चिटणीस उभे होते. हा माणूस गेली सव्वीस वर्षं संस्था सांभाळत होता. सभागृहातल्या कुठल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो हे त्याला पाठ होतं. करंडक परत घेताना तो चारी बाजूंनी निरखून रजिस्टरात 'सुस्थितीत' असं लिहायचा आणि खाली सही घ्यायचा. एका ज्येष्ठ सभासदाच्या हातून संस्थेची जुनी दुर्बीण पडली, तेव्हा ती हकीकत वार्षिक अहवालात नावानिशी छापून आली होती. आता अहवालात छापून येणार, पूल बांधणाऱ्यानं पूल पाडला. दोनशे सभासद वाचणार.

तेवढ्यात फोन वाजला. चिटणीसच होते.

"करंडक ठीक आहे ना?"

"का बरं?" साहेबांचा आवाज चिरकला.

"सहज विचारलं. तुम्ही आणायच्या भानगडीत पडू नका. वाटेत धक्काबिक्का लागतो. मी स्वतः चार वाजता घरी येतो, रजिस्टर घेऊनच येतो."

फोन ठेवून साहेबांनी टेबलाचा खण उपसला. तळाशी झटपट चिकटवायच्या गोंदाची नळी सापडली. कमानीच्या टोकांना थेंब लावून त्यांनी ती जागेवर बसवली आणि घट्ट दाबून धरली. नळीवर तीस सेकंद लिहिलं होतं. साहेबांनी सुरक्षिततेसाठी दोन मिनिटं धरली. कमान चिकटली. अंगठाही चिकटला.

"अहो, सोडा आता," बाई म्हणाल्या.

"सुटत नाहीये."

बाईंनी कोमट पाणी आणलं, साबण आणला. अंगठा ढिम्म हलला नाही. शेवटी सुनेच्या ड्रॉवरमधून नेलपॉलिश काढायची बाटली आणून त्यांनी ती अंगठ्याभोवती ओतली. पाच मिनिटांनी अंगठा सुटला आणि त्याच्या पाठोपाठ कमानही सुटली. बाटलीतलं उरलेलं औषध ओघळून शिसवी बैठकीवर आलं होतं, तिथे तळहाताएवढा पांढरा डाग पडला. त्यावर बाईंनी साहेबांचंच तपकिरी बूटपॉलिश चोळलं. डाग बराचसा गेला. करंडकाला मात्र नव्या बुटांचा वास यायला लागला.

साडेबारा वाजले होते.

"संस्थेतल्याच कुणाला विचारा ना," बाई म्हणाल्या. "दोनशे इंजिनिअर आहेत. एकाला तरी जोडता येईल."

"जोडता एकाला येईल, कळेल दोनशेंना."

बाई जरा थांबल्या. "आपल्या किटलीची तोटी निघाली होती, ती मी पत्र्याच्या गल्लीतल्या एका माणसाकडून झाळून आणली होती. सहा वर्षं झाली, हललेली नाही. चांदीचं बारीक कामही तोच करतो म्हणे."

साहेबांनी करंडक शालीत गुंडाळला, टॅक्सी केली आणि तान्ह्या बाळासारखा तो मांडीवर घेऊन निघाले. प्रत्येक गतिरोधकाला ते ड्रायव्हरला "सावकाश, सावकाश" म्हणत होते. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि दवाखान्याकडे वळवू का, असं विचारलं.

पत्र्याच्या गल्लीत दुकान सापडलं, पण फळी अर्धी लावलेली होती. शेजारच्या कुलूपवाल्यानं सांगितलं, "झाळकामवाले जेवायला गेलेत. दोनला येतात." साहेब फळीपाशी उभे राहिले. गल्लीत ओळखीचं कुणी दिसलं की ते वळून कुलपं बघत होते. दोन वाजेपर्यंत त्यांना सत्तावीस प्रकारची कुलपं दाखवून झाली होती.

झाळकामवाले दोनला आले. साठीचे, सडपातळ, कपाळावर भिंग चढवलेले. त्यांनी शालीकडे पाहिलं, आत काय आहे ते विचारलं नाही.

"मधली ना?" ते म्हणाले.

साहेबांना वाटलं, आपण काही चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"मधली कमान निघाली असेल. दर वेळी मधलीच निघते. द्या इकडे." शाल उलगडून त्यांनी पूल भिंगाखाली धरला. "हे चिकटवायला कुणी सांगितलं होतं? आता हे खरवडण्यातच अर्धा तास जाणार."

"दर वेळी म्हणजे?"

"माझ्याकडे हा नवव्यांदा आलाय. मागच्याच वर्षी लावून दिली होती. कुणी उशीच्या अभ्र्यात आणतं, कुणी डब्याच्या पिशवीत. एक जण तर हेल्मेटमध्ये घालून आले होते."

साहेब स्टुलावर बसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना श्वास पुरा घेता आला. त्यांची नजर बैठकीवरच्या पट्ट्यांवरून फिरायला लागली. एक माजी अध्यक्ष होते, एक धरणवाले होते, एक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. "कोण कोण आलं होतं?"

"ते मी सांगत नाही," झाळकामवाले म्हणाले. "तुम्ही आला होतात, तेही सांगणार नाही." आणि ते खरवडायला लागले.

पावणेतीन झाले. तीन झाले. बाईंचा फोन आला, चिटणीस चारच्या आधीही येऊ शकतील, त्यांचा निरोप आहे. झाळकामवाल्यांचा हात होता त्याच गतीनं चालत होता.

"जरा लवकर झालं तर," साहेब म्हणाले.

"लवकर केलेलं परत येतं. आणि खरं सांगू का, नीट केलेलंही येणारच. माझ्या जोडाचा दोष नाही हा. कमानच चुकलीय. इतकी लांब आणि इतकी चपटी, वर जरा भार आला की मधे वाकते आणि टोकं उचकटतात. ज्यानं कुणी हे काढलं, त्याला पुलातलं फारसं कळत नसावं."

बावीस वर्षांपूर्वी संस्थेनं करंडकासाठी रेखाटनं मागवली होती. एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांनी हे चित्र काढून पाठवलं होतं. कमान जरा उंच हवी, हे तेव्हाही त्यांच्या लक्षात आलं होतं. पण चपटी फार सुरेख दिसत होती.

"मीच काढलंय," ते म्हणाले.

झाळकामवाल्यांनी भिंग वर केलं, साहेबांकडे पाहिलं आणि भिंग पुन्हा खाली केलं. "चित्र म्हणून छान आहे."

"यावर उपाय काय?"

"मधे एक खांब. बारीक. पण खांब दिला की लपणार नाही, बघणाऱ्याला दिसणार. बहुतेक लोक म्हणतात, होती तशी करून द्या."

कमानीला मधे खांब देणं म्हणजे कमानसाहेबांच्या लेखी धडधाकट माणसाच्या काखेत कुबडी देण्यासारखं होतं. नोकरीत असताना एका हाताखालच्या इंजिनिअरनं असं सुचवलं, तेव्हा त्यांनी त्याला आठवडाभर नकाशे पुसायला बसवलं होतं. होती तशी करून घेतली तर आज प्रश्न मिटत होता. यंदाच्या मानकरी पाणीपुरवठा खात्यातल्या एक तरुण इंजिनिअर होत्या. वर्षभरानं कधीतरी त्या फडकं घेऊन बसल्या असत्या आणि टिक्क आवाज झाला असता.

"खांब द्या," साहेब म्हणाले.

"मग कागदावर काढून खाली सही करा. उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे कागद हवा."

साहेबांनी कागदावर खांब काढला, माप लिहिलं आणि सही केली.

घरी पोचायला चार वाजून सात मिनिटं झाली. चिटणीस सोफ्यावर बसले होते, मांडीवर रजिस्टर होतं. बाईंनी त्यांना चहाचे दोन कप पाजले होते. 'स्वच्छ करायला नेलाय' असं त्या सांगून बसल्या होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी शाल उलगडली. चिटणीसांनी चष्मा लावला. आधी उजवी बाजू पाहिली, मग डावी. मग मधल्या कमानीखाली त्यांचं बोट गेलं आणि नव्या खांबाशी थांबलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक साहेबांना छातीत ऐकू येत होती.

चिटणीसांनी बोट काढलं, वास घेतला. "बूटपॉलिश?"

"लाकडाला चांगलं असतं," बाई म्हणाल्या.

चिटणीसांनी रजिस्टरात 'सुस्थितीत' लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं. साहेबांनी सही केली. ते गेल्यावर साहेब बाईंना म्हणाले, "त्यांना दिसलं नाही." बाई म्हणाल्या, "त्यांना न दिसलेलं मी अजून काही पाहिलं नाही."

सहा वाजता सभागृह भरलं. पहिली रांग माजी मानकऱ्यांसाठी राखीव होती. सात जण आले होते. आठवे साहेब. टेबलावर करंडक ठेवला होता आणि दिव्यांच्या उजेडात खांब नको तितका चमकत होता. साहेबांच्या लक्षात आलं की रांगेतले सगळे करंडकाकडे एकेकदा बघतात, दचकतात आणि मग छताकडे बघायला लागतात.

आधी दीर्घ सेवेचा पुरस्कार होता आणि तो चिटणीसांनाच होता. नवे अध्यक्ष परगावचे, वर्षभरापूर्वीच आलेले. त्यांनी मानपत्र वाचलं: "संस्थेच्या लहानात लहान वस्तूवर ज्यांची नजर, ज्यांच्या हातून सव्वीस वर्षांत एक कपदेखील फुटला नाही." चिटणीसांनी खाली मान घालून शाल घेतली.

मग अध्यक्ष करंडकाकडे वळले. त्यांच्या हातात स्मरणिका होती, तिच्या मुखपृष्ठावर करंडकाचा फोटो. त्यांनी फोटो पाहिला, करंडक पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. समोरचा माइक चालू होता.

"चिटणीस, फोटोत हा खांब दिसत नाही. हा आधीपासून होता का?"

सभागृह शांत झालं. उठून सांगून टाकावं म्हणून साहेबांनी खुर्चीचा हात धरला. चिटणीस काही बोलायच्या आत पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेले सगळ्यांत वृद्ध माजी अध्यक्ष खाकरले.

"होता," ते म्हणाले.

"होता," धरणवाले म्हणाले.

"होता की," आणखी तीन आवाज आले. उरलेले दोघं चकित होऊन शेजाऱ्यांकडे बघत राहिले. त्यांच्या हातून तो कधी तुटला नसावा.

"फोटोत सावली पडलीय," चिटणीस शांतपणे म्हणाले.

अध्यक्षांचं समाधान झालं. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरबाई मंचावर आल्या, त्यांनी करंडक घेतला आणि फोटोसाठी एका हातानं मधल्या कमानीला धरून डोक्यावर उचलला. पहिल्या रांगेत पाच जणांनी एकदम श्वास रोखला. साहेब सहावे. कमान हलली नाही. टाळ्या सुरू झाल्या.

चिटणीस मंचावरून उतरून साहेबांच्या शेजारी येऊन बसले. टाळ्या वाजवता वाजवता, समोर बघतच ते म्हणाले, "खांब चांगला बसवलाय. मी त्या झाळकामवाल्याला दोनदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, आधी इंजिनिअरची सही आणा."

साहेबांचे हात थांबले. "तुम्ही? दोनदा?"

"पहिल्यांदा कपाटातून काढताना निघाली."

"आणि दुसऱ्यांदा?"

चिटणीसांनी अंगावरची शाल सारखी केली.

"तुम्हाला द्यायच्या आदल्या दिवशी."