सतरा मेचा घोडा

“घोडा कायले आनला बे?” भगवंतरावांनी दारातूनच विचारलं.

“पॅकेजमधी हाये,” कचरू बँडवाला म्हणाला.

मे महिन्याचं ऊन लोणारच्या त्या गल्लीत चांगलंच तापायला लागलं होतं. भगवंतरावांच्या दारात कचरूची सगळी मंडळी लाल कोट घालून घाम पुसत उभी होती. त्यांच्या पुढे झूल घातलेला, कपाळाला तुरा बांधलेला पांढरा घोडा होता, आणि गल्लीतली झाडून सारी पोरं हातात कागदी झेंडे घेऊन घोड्याभोवती नाचत होती. भगवंतरावांनी डोक्याला हात लावला. आज या घरात एकच गोष्ट नीट पार पडायला हवी होती, आणि तिचा घोड्याशी काडीचा संबंध नव्हता.

ती गोष्ट म्हणजे हरिओमची सोयरीक. हरिओम हा त्यांचा एकुलता एक मुलगा. शेती बरी, विहिरीला पाणी, स्वभाव गरीब, सुपारीचंही व्यसन नाही. पण मुलींच्या बापांना हल्ली जावई नोकरीवाला लागतो, मग ती नोकरी कसलीही असो. तीन वर्षांत कितीतरी पाहुणे येऊन गेले. सोयाबीनचा भाव विचारायचे, पोह्यांची दुसरी बशी घ्यायचे आणि ‘कळवतो’ म्हणून जायचे. कळवायचं कोणीच नाही. शेवटी मेहकरकडच्या पंजाबरावांनी ‘शेतीवाला असला तरी पाहू’ असं म्हटलं होतं, आणि आज दहाच्या सुमाराला ते घर पाहायला येणार होते. सोबत खुद्द मुलगी, प्रेरणाही येणार होती.

आणि नेमका आजच नॉर्वेचा राष्ट्रीय सण होता.

आता लोणारमध्ये नॉर्वेचा सण कुठून आला, तर भगवंतरावांच्या माडीवरून. माडीवर इंग्रिड नावाची नॉर्वेची मुलगी भाड्याने राहत होती. सरोवराच्या खारट पाण्यातले जीवजंतू तपासायला ती आली होती. मराठी पुण्यात शिकली होती, त्यामुळे ती बोलायला लागली की भगवंतरावांच्या बायकोला, सोजराबाईंना, घरात कोणी मास्तरीण आल्यासारखं वाटे. सतरा मेला आमच्याकडे लहान मुलं झेंडे घेऊन वाजतगाजत गावातून फिरतात आणि त्या दिवशी त्यांना हवं तेवढं आईस्क्रीम खायला मिळतं, असं तिने एकदा सांगितलं आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. सोजराबाईंनी लगेच पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि त्या हरिओमला म्हणाल्या, “लेकरू एवढ्या दूर हाये. करून टाक न तिचा सन.”

इंग्रिडला गल्लीतली पाच-सहा मुलं आणि एखादा ढोल हवा होता. पण लग्नसराईत सुटा ढोल मिळेना. कचरूचा बँड संध्याकाळी एका लग्नात अडकलेला होता, सकाळी मात्र रिकामा होता. हरिओमने तोच ठरवला. सकाळी सातला यायचं, मारुतीपर्यंत जायचं, परत यायचं, आठला सगळं आटोपायचं. पाहुणे यायच्या आत अंगण झाडूनसुद्धा झालं असतं.

“सातले येतो म्हनला होता ना तू?” भगवंतराव कडाडले.

“राती अमडापूरची वरात लांबली न, काका. नवरदेवाचे दोस्त नाचाचे थांबतच नव्हते.”

“बरं, वाजव आता आन मिटव. घोडा राहू दे इथंच.”

“घोड्याबिगर नाई जमत,” कचरू शांतपणे म्हणाला. “घोडा समोर चालला का आमी वाजवतो, आमी वाजवलं का घोडा चालते. आन पाठीवर मानूस नसला तं घोडा घराकडं वळते. मंग आमीबी त्याच्या मागं.”

भगवंतरावांनी पोरांकडे पाहिलं. “बसव एखादं पोट्टं.”

“पडलं तं जिम्मेदारी कोनाची?”

तेवढ्यात जिन्यावरून इंग्रिड उतरली. तिने आजीचा पोशाख घातला होता. पायघोळ, भरतकाम केलेला, छातीवर चांदीच्या तबकड्या आणि सगळा जाडजूड लोकरीचा. लोणारच्या मे महिन्यात लोकर! नुसतं पाहूनच भगवंतरावांच्या पाठीला घाम फुटला. घोडा बघून इंग्रिड पायरीवरच थांबली.

“हरिओमदादा, हा घोडा कशासाठी?”

“पॅकेजमधी हाये,” हरिओम खाली मान घालून म्हणाला.

तिला बसायला सांगितलं, तर तिने दोन्ही हात जोडले. इकडे पोरांनी ‘चला, चला’चा गलका केला होता. शेजारच्या मनकर्णाबाई भिंतीवरून डोकावून “कोनत्या पार्टीचा झेंडा हाये? लागलं का इलेक्शन?” असं तिसऱ्यांदा विचारत होत्या. भगवंतरावांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा संयम संपला.

“हऱ्या, तू बस बे घोड्यावर! जा मारुतीपोतर आन ये वापस. पाव्हने याच्या आत मले ही भानगड इथं दिसली नाई पाह्यजे!”

हरिओम पाहुण्यांसाठी म्हणून आधीच नवा कुर्ता आणि जाकीट घालून तयार होता. तो घोड्यावर बसला. कचरूने सवयीने त्याच्या डोक्याला फेटा बांधला, सवयीने गळ्यात हार घातला. दुसरा हार उरला होता, तो इंग्रिडला दिला. सण तिचा होता, तिने तो आनंदाने घातला. बँड वाजला, घोडा निघाला, पोरं ‘हुर्रा’ ओरडली आणि वळणापलीकडे सगळं दिसेनासं झालं. भगवंतरावांचा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार वेळ राहिला नाही. सतरंजी अंथरून होते न होते तोच पंजाबरावांचा फोन आला.

“भगवंतराव, आमी आलो गावात. पन समोर कोनाची तरी वरात हाये, गाडीच निघत नाई.”

भगवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. “व-वरात? तुमी गाडीतच बसा! खाली उतरू नका, लय ऊन हाये!”

“उतरलो न आमी. नवरदेव पाहून राह्यलो.” फोनमधून बँडचा आवाज आला. मग पंजाबराव जरा थांबून म्हणाले, “थोडासा तुमच्या हरिओमच्या फोटोसारखा दिसते.”

भगवंतराव धावत सुटले. एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात सोजराबाईंची, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मागून सोजराबाई ओरडत होत्या, “अवो, माही चप्पल!” पण ते ऐकायला भगवंतराव थांबले नाहीत.

गर्दीत पोचून पाहतात तर व्हायचं ते होऊन चुकलं होतं. पंजाबराव घोड्याच्या एका बाजूने चालत होते आणि दुसऱ्या बाजूने प्रेरणा चालत होती. तिच्या ओठांवर हसू होतं की राग, ते भगवंतरावांना ओळखता येईना. हरिओम वरून हातवारे करत काहीतरी सांगत होता, पण बँडपुढे त्याचा आवाज कोण ऐकणार?

“उतर खाली!” भगवंतराव ओरडले.

“मारुतीच्या आंधी नवरदेवाले उतरवत नाईत!” कचरू क्लॅरिनेट तोंडातून काढून ओरडला. “अपशकुन होते!”

“नवरदेव नाई हाये तो!”

कचरूने पुन्हा क्लॅरिनेट तोंडात घातलं.

पंजाबरावांनी भगवंतरावांचा दंड धरला. “कमाल हाये तुमची! पोराचं लगन आजच व्हतं तं आमाले काऊन बलावलं? आन नवरी फॉरेनची आनली, हेबी नाई सांगितलं!”

घामाने निथळणारी इंग्रिड गळ्यातला हार सावरत पुढे आली. “काका, आपला गैरसमज होतो आहे. आज आमच्या देशाचा संविधान दिन आहे.”

“संविधान दिन नोव्हेंबरात असते,” पंजाबराव म्हणाले. “आमाले बी कळते.”

“तो तुमचा. आमचा आज असतो.”

“मंग घोडा कायले?”

“तेच मी सकाळपासून विचारते आहे,” इंग्रिड अगदी कळवळून म्हणाली.

एवढ्यात मारुतीचं देऊळ आलं, आणि ओवाळणीचं तबक घेऊन मनकर्णाबाई तिथे आधीच हजर होत्या. या वस्तीतला एकही नवरदेव त्यांनी ओवाळल्याशिवाय मारुतीपुढून गेलेला नव्हता. बँड ऐकला की त्यांचा हात आपोआप तबकाकडे जाई. भगवंतराव “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी हरिओमच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि हाताला आलीच म्हणून इंग्रिडलाही लावलं. ते पाहून पंजाबराव गाडीकडे वळले.

सोयरीक हातची चालली होती, गावासमोर चालली होती आणि घोड्यापायी चालली होती. भगवंतरावांच्या आतलं सगळं एकदम उसळून वर आलं. बँडवर मात करायची म्हणून ते बेंबीच्या देठापासून ओरडले,

“पंजाबराव, मारुतीची आन! याले तीन वर्सांपासून एकबी पोरगी कोनी देऊन नाई राह्यलं, आन तुमाले वाटते का मी एकाच दिवशी दोन-दोन आनल्या?”

आता देवळासमोर ओवाळून झालं की बँड थांबतो, हा कचरूचा कायमचा शिरस्ता. तो नेमका ‘मारुतीची आन’ला थांबला होता. पुढचं सगळं वाक्य लोणारच्या त्या भर चौकात लख्ख ऐकू गेलं. घोड्यावर हरिओमने डोळे मिटून घेतले. भगवंतरावांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, आणि जमलं तर घोड्यालाही घ्यावं.

पहिली हसली ती प्रेरणा. तिने तोंडाला ओढणी लावली, पण खांदे थांबेनात. मग पंजाबरावांच्या मिशा हलल्या. “हे मात्र खरं वाटते बुवा,” ते म्हणाले. “असं खोटं कोनी बोलत नाई.”

प्रेरणाने घोड्यावरच्या मुलाकडे मान वर करून पाहिलं. “काहो, तिच्या सनासाठी तुमी घोड्यावर बसले?”

“बँड वाजत नव्हता न,” हरिओम म्हणाला.

“आन पुन्हा बसा लागलं तं? तुमच्या सोताच्यासाठी?”

हरिओमला समजायला जरा वेळ लागला. “मी उतरलोच कुठं अजून,” तो म्हणाला.

प्रेरणाने बापाकडे पाहून होकाराची मान डोलावली. पंजाबरावांनी घसा साफ केला आणि कचरूला जवळ बोलावलं. “बँड कवापोतर हाये?”

“दुपारपोतर रिकामाच हाये.”

“मंग वाया काऊन घालवायचं? फेटा हाये, हार हाये, कुकू लागलेलं हाये. साखरपुडा इथंच उरकून टाकू.”

सोजराबाई एकाच चपलेने तिथे पोचल्या तेव्हा त्यांना हे कळलं, आणि त्या तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या. साखर आणायला कोणालाच वेळ नव्हता. पोरांसाठी ठरवलेली कुल्फीची गाडी मात्र देवळापाशी उभी होती. मनकर्णाबाईंनी कुल्फीनेच सगळ्यांची तोंडं गोड केली आणि पोरांना हवी तेवढी खाऊ घातली. तेवढा एक भाग नॉर्वेच्या रिवाजाप्रमाणे पार पडला.

बँड पुन्हा सुरू झाला. भगवंतराव पाराच्या सावलीत टेकले आणि आज पहिल्यांदाच त्यांनी मोठा श्वास घेतला. तोच इंग्रिड घाईघाईने त्यांच्याकडे आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि हातात मोबाईल होता.

“काका, कृपया तुम्ही बोला. मी बाबांना मिरवणूक दाखवायला फोन लावला, आणि आता ते माझं काहीच ऐकत नाहीत!”

भगवंतरावांनी मोबाईल हातात घेतला. पडद्यावर पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस उभा होता. त्याने मुलीच्या गळ्यातला हार पाहिला होता, कपाळावरचं कुंकू पाहिलं होतं, शेजारी फेटा बांधलेला घोड्यावरचा मुलगा पाहिला होता आणि मागे नाचणारा सगळा चौक पाहिला होता. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले होते. भाषा भगवंतरावांना एका अक्षरानेही कळली नाही, पण चेहरा ओळखीचा होता. तो चेहरा सकाळपासून त्यांचाच होता.

त्या परक्या बापाची त्यांना मनापासून कणव आली. त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला, घसा खाकरला आणि जमेल तितक्या मायेने सुरुवात केली,

“पाव्हने, घाबरू नका. घोडा पॅकेजमधी व्हता.”