शिंगांचं घड्याळ

"यंदा शर्यतीची वेळ मी मोजणार! आणि अशी मोजणार, की सेकंदाला पळून जायला जागा उरणार नाही!"

पोहण्याच्या क्लबात चष्मेवाल्यांनी छाती फुगवून जाहीर केलं, आणि दरवर्षी या कामासाठी माणूस शोधून मेटाकुटीला येणाऱ्या सचिवांनी ते तत्काळ त्यांच्या गळ्यात मारलं.

चष्मेवाल्यांना हे बळ आलं होतं मनगटातून. त्यांचे सासरे जहाजावर इंजिनं सांभाळायचे. तरुणपणी त्यांनी जपानहून एक घड्याळ आणलं होतं. त्यांच्यामागे ते कपाटातच पडून होतं. परवा सासूबाईंनी ते जावयाच्या हातावर ठेवलं, आणि चष्मेवाले माणसांतून उठले!

घड्याळच तसं होतं हो! जगातल्या घड्याळांची किल्ली कडेला, याची डोक्यावर. किल्लीच्या दोन्ही अंगांना दोन दणकट बटणं, मारक्या बैलाच्या शिंगांसारखी. वरून जाड आणि खाली उतरत गेलेलं, त्यामुळे तबकडी आपणहून मालकाच्या तोंडाकडे बघायची. आत सेल नाही, काही नाही. नुसती चाकं आणि स्प्रिंगा. उजवं शिंग दाबलं की लांब नारिंगी काटा सुटायचा, पुन्हा दाबलं की जागीच थिजायचा, आणि डावं दाबलं की टुणकन शून्यावर! चष्मेवाले जेवताना दाबत. दुकानात डोळे तपासताना गिऱ्हाइकाला "खालची ओळ वाचा" म्हणत आणि दाबत. एक आजोबा तर ती ओळ वाचून, कंटाळून, घरी निघून गेले.

"अहो, शर्यतीत मी आहे, लक्षात आहे ना?" बायकोनं विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि दरवर्षी क्लबातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मागे दुसरी यायची. यंदा रोज पहाटे उठून तिनं जिवाचं रान केलं होतं.

"अगं, तू फक्त पोह. बाकी मी आणि जपान बघून घेतो!"

शर्यतीच्या दिवशी तलावाच्या काठावर चष्मेवाले, सचिव आणि पंच शेजारी शेजारी उभे राहिले. शिट्टी झाली. उजवं शिंग दबलं. काटा निघाला.

"अरे वा!" सचिव वाकले. "चालतोय की तरंगतोय?"

"आणि हा छोटा काटा कसला?" पंचही वाकले.

"तो मिनिटं मोजतो! आता बघा, मोठा वर पोचला की हा कसा हळूच एक पाऊल टाकतो..."

तीन डोकी एका मनगटावर! तिघांचे श्वास अडकलेले! छोट्या काट्यानं पाऊल टाकलं आणि तिघांच्या तोंडून एकदम "आहाहा!" निघालं. एवढ्यात प्रेक्षकांत गलका उठला. चष्मेवाल्यांनी मान वर न करता खाडकन शिंग दाबलं.

"एक मिनिट चार सेकंद!" ते गरजले.

"कोणाचे?" पाण्यातून बायकोनं विचारलं.

चष्मेवाल्यांनी सचिवांकडे बघितलं. सचिवांनी पंचांकडे. पंचांनी आभाळाकडे.

"मीच आधी आले!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मुळीच नाही, मी!" बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून हळू आवाजात, "तुम्ही बघितलंत ना?"

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं... काटा इतका सुंदर..."

बायकोनं नवऱ्याकडे पाठ फिरवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोघींनी दम खाल्ला आणि शर्यत पुन्हा ठरली. या वेळी चष्मेवाल्यांनी शिंग दाबून डोळे पाण्यावर रोवले. आणि बघतच राहिले! हीच का ती, रोज वह्यांच्या ढिगाआडून "चहा घ्या" म्हणणारी? तिचा हात उठत होता, पाण्यात शिरत होता, कुठे शिंतोडा नाही, घाई नाही. पाणीच जणू तिला वाट करून देत होतं. इतक्या वर्षांत आपण हिला पोहताना एकदाही नीट बघितलं नाही? त्यांचे डोळे भरून आले. शेवटच्या टप्प्यात ती पुढे सरकली आणि चांगलं हातभर अंतर राखून भिंतीला टेकली!

"हिचा पहिला नंबर! हिचा!" चष्मेवाले कपड्यांसकट पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेले. बायको हसली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, डॉक्टरीणबाईंनीही मोठ्या मनानं हात मिळवला.

मग सचिव खडू घेऊन आले. "वेळ सांगा. फळ्यावर लिहायचीय. विक्रमच झाला असणार!"

चष्मेवाल्यांनी मनगट वर केलं. नारिंगी काटा निवांत फिरत होता.

लेकीची शर्यत बघायला आलेल्या सासूबाई पुढे आल्या. जावयाचा हात ओढून त्यांनी शिंग दाबलं, चष्मा नीट केला आणि छोटी तबकडी वाचली.

"नऊ मिनिटं," त्या म्हणाल्या. "जावईबापू, माझी लेक पोहत आली, की वाटेत भाजी घेऊन आली?"