परब सिस्टरचं विमान

एका स्क्रूसाठी परब सिस्टरनी मला पावणेदोन तास त्यांच्या घरात बसवून ठेवलं होतं. दाराला नुसती कडी होती, कुलूप नव्हतं. पण कडीसमोर खुर्ची होती आणि खुर्चीत सिस्टर होत्या, त्यामुळे कुलपाची गरजही नव्हती.

"काढले किती?"

"अकरा."

"ट्रेमध्ये किती?"

"दहा."

"मग एक खंय गेलो?"

सिस्टर मालवणीत शिरल्या की समजायचं, पाणी डोक्यावरून चाललंय. मी म्हणालो, "पडला असेल कुठेतरी. सकाळी झाडू मारताना मिळेल."

"आणि आत राहिला असेल तर?"

आत म्हणजे विमानाच्या पोटात. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर हिरव्या कपड्यावर पाच फूट पंखांचं, रिमोटवर उडणारं विमान उताणं पडलं होतं आणि मी, विमा कंपनीतला बावन्न वर्षांचा असिस्टंट मॅनेजर, गुडघ्यांवर बसून टाइल्सच्या फटी चाचपत होतो. माझ्या बायकोने, वैशालीने, दोनदा बेल वाजवून भात निवतोय असं कळवलं. सिस्टरनी आतूनच उत्तर दिलं, "काउंट जुळला नाही अजून." शेवटी स्क्रू माझ्या पँटच्या दुमडीत सापडला. सिस्टरनी तो चिमट्याने उचलून ट्रेमध्ये टाकला. टण् असा आवाज झाला. तेवढा आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा निवळला, की मलाच काहीतरी थोर काम केल्यासारखं वाटलं.

प्रभा परब लालबागच्या आमच्या चाळीत आमच्या समोर राहायच्या. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा चौदाव्या मजल्यावर आमचे दरवाजे एकमेकांना चिकटून आले. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. आत किती कात्र्या गेल्या, किती सुया, किती कापसाचे बोळे, आणि बाहेर किती आले, हे मोजणं त्यांचं काम. आकडा जुळेपर्यंत टाके घालायचे नाहीत, मग सर्जन कितीही मोठा असो. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते विचारायची हिंमत आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची नाही. वैशालीचं म्हणणं, बघायला आलेल्या मुलांचेही त्यांनी आधी दात मोजले असतील.

रिटायर झाल्यावर त्या क्रॉफर्ड मार्केटकडे मिक्सर आणायला गेल्या आणि विमान घेऊन आल्या. अख्ख्या बिल्डिंगला वाटलं, भाच्याबिच्यासाठी असेल. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्यासाठी. दुकानात वर टांगलेलं होतं, दिसलं, घेतलं. त्यात काय एवढं? लोक कुत्रे पाळतात." चटणी त्या अजून पाट्यावर वाटतात.

पुढे चार महिने ते विमान जमिनीपासून एक वीतही वर गेलं नाही. कारण सिस्टर शिकत होत्या. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव करता येतो, तो त्या रोज दुपारी दोन ते चार करायच्या. तिथे विमान पडलं की त्याची नोंद वहीत व्हायची. ती वही मी पाहिली आहे. तारीख, वेळ आणि मृत्यूचं कारण. 'घाई.' 'फाजील आत्मविश्वास.' 'विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, हे विसरले.' एका ठिकाणी नुसतं 'शिरीषने बेल वाजवली' असं होतं. शिरीष म्हणजे मी.

मोकळी गच्ची असताना त्या विमान उडवत नाहीत, याचं बिल्डिंगला वैषम्य होतं. आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं तर गणपतीआधी शिष्टमंडळ घेऊनच आली. आगमनाला वरून पाकळ्या टाकायच्या, अख्खं लालबाग बघत राहील, सिस्टरचं नाव होईल.

"खाली माणसं असणार?" सिस्टरनी विचारलं.

"म्हणजे काय सिस्टर, तुफान गर्दी!"

"मग नाही. शहरात उडवायची परवानगी नाही, हे एक. आणि माणसांच्या डोक्यावरून तर नाहीच नाही."

"गणपतीबाप्पासाठी पण नाय?"

"बाप्पा समजून घेतील रे. प्रोपेलर नाही घेणार."

पोरांना त्यांनी घावणे खाऊ घालून परत पाठवलं. जाताना प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर ओतला.

उडवायला जागा मिळाली ती कल्याणच्याही पुढे. तिथे हौशी लोकांचं एक मैदान आहे, रीतसर परवानगी असलेलं. दर दुसऱ्या रविवारी पहाटे सिस्टर गाडी ठरवायच्या आणि मला न्यायच्या. मी 'नाही' का म्हणालो नाही, हा प्रश्न वैशाली मला अजून विचारते. पंख मागच्या सीटवर माझ्या मांडीवर आडवे. एकदा वळणावर माझा हात निसटला तर पुढून आवाज आला, "मेल्या, पंख धरतंस की चवळीची जुडी?"

मैदानावर पोचलं की पेशंटची तपासणी. हा त्यांचाच शब्द. पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचलायचं आणि ते नाकावरही नाही, शेपटीवरही नाही, सरळ तरंगतंय का बघायचं. प्रत्येक हलती पट्टी चिमटीत धरून ओढून बघायची. प्रोपेलरवरून नख फिरवायचं, बारीकशी चीर लागली तरी तो फेकायचा, चिकटवायचा नाही. आधी रिमोट चालू, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग रिमोट. "मालक नसलेलं विमान चालू ठेवायचं नाही," असं त्या म्हणायच्या. मग मी विमान धरून उभा राहायचो आणि त्या रिमोटच्या सिग्नलचा जोर कमी करून तीस पावलं लांब जायच्या, तिथून पट्ट्या हलतात का बघायला. हे सगळं होईस्तोवर बाकीचे लोक तीनतीनदा उडवून पोह्यांवर आलेले असायचे.

मैदानाचे सेक्रेटरी रेगे म्हणून होते. रिटायर्ड इंजिनियर, विमानं उडवण्यात मुरलेले. सिस्टरना शिकवायचं काम त्यांनी हसत हसत घेतलं होतं. पहिल्याच दिवशी सिस्टर त्यांच्या विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "तुमच्या प्रोपेलरला चीर आहे."

"अहो, चालतंय."

"चालतंय हे आमच्याकडे नातेवाइकांना सांगतात. तेही ऑपरेशन चालू असतं तेव्हा."

रेग्यांनी प्रोपेलर बदलला. त्यानंतर सिस्टर मैदानात शिरल्या, की निम्मे लोक गुपचूप आपापल्या प्रोपेलरवरून नख फिरवू लागायचे.

हे असं सात-आठ रविवार चाललं. सिस्टर उडवायच्या, पण रेगे दुसरा रिमोट घेऊन शेजारी असायचे; जरा तोल गेला की ते ताबा घ्यायचे. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी रेगे म्हणाले, "आज तुम्ही एकट्या."

सिस्टरनी पर्समधून रुमाल काढून तळवे पुसले. मग मला बाजूला घेतलं.

"नीट ऐक. विमानाकडे बघायचं नाही. विमान माझं, माणसं तुझी. मैदानात कोणी आलं की ओरडायचं. दुसरं काही करू नकोस, तुला जमणार नाही."

मी म्हणालो, "सिस्टर, बिनधास्त."

विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पळालं आणि अलगद उचललं गेलं. आता खरं सांगतो. मी माणसांकडेच बघणार होतो. पण ते पांढरं विमान वर गेलं, वळलं, त्याच्या पंखावर ऊन चमकलं, आणि ज्याचा अकरावा स्क्रू माझ्या पँटच्या दुमडीत सापडला होता ते हेच, असं वाटून माझा ऊर भरून आला. मी तोंड वर करून बघत राहिलो. सिस्टरनी चार फेऱ्या मारल्या. रेगे पुटपुटले, "वा, बाई." मग त्या विमान उतरवायला खाली आणू लागल्या. आमच्या समोरच्या टोकाकडून ते हळूहळू उतरत येत होतं, पुरुषभर उंचीवर आलं, आणि मला घंटा ऐकू आली.

मैदानाच्या कडेच्या नाल्यातून एक म्हातारा चार शेळ्या घेऊन वर चढला होता. थेट विमानाच्या वाटेवर.

मी ओरडलो. काय ओरडावं? 'माणूस' ओरडायला हवं होतं. मी "शेळी! शेळी!" असं ओरडलो. म्हाताऱ्याने दचकून वर बघितलं आणि घाबरून पळाला, तो बरोबर विमान जिकडे येत होतं तिकडेच. रेगे किंचाळले, "वर घ्या! वर घ्या!"

सिस्टरनी वर घेतलं नाही. त्यांनी मोटर बंद केली आणि विमान डावीकडे वळवलं. तिकडे बाभळी होत्या. काड् असा आवाज झाला आणि एक पंख तुटून काट्यांत उभा अडकला.

रेगे हळू आवाजात म्हणाले, "वर घ्यायला हवं होतं हो. त्याच्या डोक्यावरून आरामात गेलं असतं."

"गेलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "नसतं गेलं तर?"

मग रिमोट बंद न करता, पट्ट्याने गळ्यात तसाच लटकवून त्या निघाल्या. मला वाटलं विमानाकडे. पण त्या म्हाताऱ्याकडे गेल्या. तो जमिनीवर बसला होता, धापा टाकत. सिस्टर त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या, त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

"बाई, मला काय नाय झालं," तो म्हणाला. "तुमचं इमान गेलं की."

"बोलू नका. छातीत दुखतंय? हात जड वाटतोय?"

"नाय."

"पाणी प्या. एकेक घोट. घाई नाही."

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा नाडी बघितली, मग त्याला उठवून चार पावलं चालवून बघितलं, आणि तेव्हा कुठे सोडलं. तो शेळ्यांना हाका मारत बांधाकडे निघाला.

मग आम्ही बाभळीत शिरलो. सिस्टरनी आधी बॅटरीची वायर काढली, मग रिमोट बंद केला. बॅटरीच्या कोपऱ्याला चेप आला होता. "हिला मार बसलाय. ही लगेच काही सांगत नाही, अर्ध्या तासाने पेटते," असं म्हणून त्यांनी ती सगळ्यांपासून लांब, वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली. बादलीजवळ कोणाला फिरकू दिलं नाही. मी काट्यांतून पंखाचे तुकडे गोळा केले. एकेक तुकडा उचलताना डोळ्यांसमोर येत होत्या सरावाच्या त्या सगळ्या दुपारी, ती वही, ते हिरवं कापड, आणि मला सांगितलेलं एकच काम.

मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "सिस्टर, चूक माझी. मी वर बघत होतो."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं, आता मालवणी सुरू होईल. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मैदानाच्या कडेला उभ्या राहून, डोळ्यांवर हाताची सावली धरून त्या बांधाकडे बघत होत्या. म्हातारा एव्हाना बोटाएवढा दिसत होता. आमच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला.

"सिस्टर, गाडी आली. बॅटरी रेगे बघतील, मी सांगितलंय त्यांना."

"थांब जरा. जाऊ दे त्याला."

"कोणाला?"

"त्यालाच रे." मग जरा वेळाने म्हणाल्या, "आमच्याकडे माणूस गुंगीत यायचा आणि गुंगीतच जायचा. पडदा सरकवून ट्रॉली बाहेर ढकलायची, की दुसरा आत. बाहेर नातेवाईक उभे असायचे. डॉक्टर जाऊन सांगायचे त्यांना. मी आतच. पुढे तो वॉर्डात उठून बसला का, घरी गेला का, मला कोण सांगणार? पस्तीस वर्षांत एकालासुद्धा चालत जाताना बघितलं नाही मी."

"विचारायचं की वॉर्डात जाऊन."

"पहिल्या वर्षी गेले होते विचारायला. दोन जण विचारले, त्यातला एक वारला होता. नंतर नाही गेले."

मी हातातले तुकडे खाली ठेवले आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

बांधाच्या पलीकडे पाच-सहा घरं होती. म्हातारा पहिलं घर ओलांडून गेला, दुसऱ्यापाशी थांबला. शेळ्या आधी आत शिरल्या. कोणीतरी बाई बाहेर आली, तिने त्याच्या हातातली काठी घेतली. तो तिला हातवारे करून काहीतरी सांगत होता. बहुतेक विमान कसं आलं ते. मग दोघंही आत गेली आणि दार लागलं.

"पोचला," सिस्टर म्हणाल्या. आणि पदराने चष्मा पुसत तशाच उभ्या राहिल्या, त्या बंद दाराकडे बघत.