हलवून बघा, काका

नेन्यांच्या गाडीत कलिंगडालाही सीटबेल्ट लागतो. तो नीट लागलाय की नाही, हे शेजारी बसलेल्याने कलिंगड हलवून सांगायचं असतं. नेने स्वतः हलवत नाहीत. "बांधणाऱ्याने आपली गाठ तपासू नये, काका. स्वतःच्या पोरासारखी ती त्याला गुणीच वाटते!"

हे सांगणारे नेने ब्रह्मचारी.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका औषध कारखान्यात ते इंजिनियर आहेत. निवृत्तीनंतर मी इथे लेकीकडे राहायला आलो, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मोदकपात्र टेबलाला बांधून ठेवलं होतं.

"नेने, हा हॉल आहे, जहाज नाही," लेक म्हणाली.

"ताई, टेबलाला चार पाय आहेत. त्याचा काय भरवसा?"

त्यांची एक जुनी शिडाची बोट आहे. उन्हाळ्यात रविवारी ते मंडळातल्या मुलांना बंदरात फिरवून आणायचे. निघण्याआधी बॅटरी, गॅसची टाकी, जादा नांगर, सगळं जड सामान स्वतः बांधायचे. "समुद्र चोर नाही, पण सुटं दिसलं की उचलतो." मग मुलांनी ते ओढून, लोंबकळून तपासायचं. "ग्रँड, नेने अंकल!" अशी, म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक असल्याची, आरोळी आल्याशिवाय शीड वर चढत नसे.

गेल्या उन्हाळ्यात एकदा मुलांऐवजी मी गेलो. नव्याकोऱ्या क्रीम पँटमध्ये. नांगर केबिनमध्ये बांधलेला, गंजाने आणि चिखलाने माखलेला.

"काका, हलवून बघा."

मी पँटकडे पाहिलं, दारातूनच नांगराकडे पाहिलं आणि म्हणालो, "ग्रँड!"

मी केबिनमध्ये जाऊन बसलो. बाहेर वारा वाढला. सुकाणू बांधून (नेने तेही बांधतात) ते मला चहा द्यायला खाली उतरले. तेवढ्यात बोट कलली, गाठ सुटली आणि नांगर घसरत थेट माझ्या पायांवर निघाला. नेन्यांनी मध्ये आपला पाय घातला. त्यांचं पाऊल मोडलं. माझ्या पँटवर डाग नाही.

मंडळात हशा पिकला. मोदकपात्र बांधणाऱ्याला नांगर बांधता येईना! मीही हसलो. पण हसता हसता पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं. नेने एवढंच म्हणाले, "गाठ माझीच होती." तपासणी कोणाची होती, हे ते बोलले नाहीत. आणि मी तर नाहीच नाही.

यंदा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मी माइक घेतला आणि सगळं सांगून टाकलं.

"बाबा, पँटसाठी?" लेक पहिल्या रांगेतून म्हणाली.

"पँटसाठी."

नेने तेव्हा कोपऱ्यात स्पीकरचा स्टँड खांबाला बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी जुनी पँट घालून मी धक्क्यावर गेलो. बोटीच्या दोरांवर शेवाळ धरलं होतं.

"पाय अजून दुखतो का हो?" मी भीत भीत विचारलं.

"छे! पाय दिवाळीआधीच बरा झाला."

"मग बोट इथेच कशी?"

"हलवून बघायला कोणी नव्हतं, काका."

वर धक्क्यावर, पालकांनी पुन्हा पाठवलेली, लाइफजॅकेट घातलेली पोरं "कम ऑन, नेने अंकल!" म्हणून ओरडत होती. नेन्यांनी नांगर बांधला आणि ते बाजूला झाले. मी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी धरून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. नांगर जागचा हलला नाही.

"ग्रँड," मी म्हणालो.

नेने पाठ फिरवून दोरावरचं शेवाळ नखाने खरवडत होते.

"अजून एकदा, काका," ते म्हणाले. "घाई नाही."