सोनसळीचे दुखणे

एका जंगलात, बालमित्रांनो, सिंहाच्या गुहेत एक काचेची पेटी होती. पेटीत पाणी होते आणि पाण्यात सोनसळी नावाची एक केशरी मासोळी होती. पेटी जंगलात कोठून आली, असे विचारू नका. सिंहाच्या घरातली वस्तू कोठून आली हे विचारण्याची पद्धत कोणत्याच जंगलात नाही.

सोनसळीची देखभाल गोदू नावाच्या पाणमांजरीकडे होती. पाणमांजर मासे खाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. सिंहालाही ठाऊक होते. परंतु या जागेसाठी अनुभवी उमेदवार हवा अशी अट होती, आणि मासोळ्यांचा इतका दांडगा अनुभव दुसऱ्या कोणालाच नव्हता. नेमणूक होताच गोदूने मासे सोडले व ती खेकड्यांवर आली.

सिंहाने तिला एवढेच बजावले होते, "मासोळीला काही झालं, तर तुझं कातडं माझ्या बैठकीवर अंथरीन. मऊ दिसतंय."

तेव्हापासून गोदू सोनसळीला आणि स्वतःच्या कातड्याला सारखेच जपत असे. वस्तुतः ते एकच काम होते.

एके सकाळी सोनसळी पेटीच्या तळाशी निश्चल दिसली. ती झोपली होती. मासे उघड्या डोळ्यांनी झोपतात, हे सिंहाला माहीत नव्हते. त्याच्या दरबारात जे उघड्या डोळ्यांनी झोपत, ते विचार करीत आहेत असा त्याचा समज होता.

"गोदू, ही आज गप्प का?"

"महाराज, ती रोजच गप्प असते."

"आजचं गप्प निराळं आहे. वैद्यबुवांना बोलाव!"

वैद्यबुवा म्हणजे बगळा. तो आला, एका पायावर उभा राहिला आणि म्हणाला, "मासोळीची नाडी घशात लागते. माझ्या घशात. द्या पाहू इकडे."

"बाहेरूनच बघा, वैद्यबुवा," गोदू म्हणाली. "आणि चोच मिटून."

बगळ्याने चोच मिटून पेटीला प्रदक्षिणा घातली. मग त्याने एक दीर्घ उसासा टाकला.

"अशक्तपणा! अंगावर मांस कसं ते नाहीच. मला तर बघवत नाही. भरपूर खाऊ घाला. बाळसं धरलं की मला कळवा."

सोनसळी आजारी असल्याची बातमी जंगलभर झाली. या जंगलात एक जुना आणि अत्यंत सुसंस्कृत रिवाज होता. आजाऱ्याकडे कोणी रिकाम्या हाताने जात नसे. आणि नेलेली वस्तू आजाऱ्याने आपल्या देखत खाल्ल्याखेरीज कोणी परत फिरत नसे.

अस्वलकाका मधाचे पोळे घेऊन आले. वानरमावशी केळी कुस्करून घेऊन आल्या. हत्तीणबाईंनी अख्खा फणस आणला. या गोष्टीच्या काही पाठांत या ठिकाणी कोल्हाही येतो. आमच्या पाठात तो रजेवर आहे.

"मावशी, ती आत्ताच जेवलीय हो," गोदू गयावया करू लागली.

"असू दे गं! काकांचा मध चालतो, आणि माझं केळं जड होतं होय? खा गं बाळ, एवढंसं खा. माझ्यासाठी!"

सोनसळी बिचारी भिडस्त. समोर आलेले खाणे एवढेच तिला ठाऊक. ती काकांसाठी खाई, मावशींसाठी खाई, आणि खाऊन उरलेले पाण्यात कुजत राही. पाण्याची कढी झाली. पोट फुगून सोनसळीचे लिंबू झाले. आणि एके दुपारी ती पोट वर करून पाण्यावर तरंगू लागली; हलत होते ते फक्त कल्ले.

सिंहाने पेटीत पाहिले. मग गोदूकडे पाहिले. मग आपल्या बैठकीकडे पाहिले. आणि तो पंजाने बैठकीची लांबी मोजू लागला.

गोदूने बाहेर नजर टाकली. गुहेच्या तोंडाशी भेटायला येणाऱ्यांची नवी रांग लागली होती. मासोळी अशी उताणी सगळ्यांनी पाहिली, तर 'हिनेच काहीतरी केलं' म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागणार? पळून जावे, तर सिंह समोर. खरे बोलावे, तर ऐकतो कोण? तिच्या तोंडून जे निघाले ते तिचे तिलाही नवीन होते.

"मागे व्हा! दुखणं लागणारं आहे!"

रांग थबकली.

"लागतं म्हणजे? काय होतं?" वानरमावशींनी विचारले.

गोदूने मावशींच्या लांबलचक शेपटीकडे पाहिले. "शेपूट गळून पडतं, मावशी."

क्षणार्धात गुहा ओस पडली. शेपूट नावापुरतेच असलेले अस्वलकाकाही ते दोन्ही पंजांनी धरून सर्वांत पुढे धावत होते.

"आणि आयाळ?" सिंहाने हळूच विचारले.

"आयाळ आधी, महाराज."

सिंहाने त्या दिवसापासून पलीकडच्या टेकडीवरून राज्यकारभार केला.

आता गुहेत दोघीच उरल्या. गोदूला भूक लागली होती आणि समोर ताजी, गुबगुबीत मासोळी उताणी होती. गोदूच्या तोंडाला पाणी सुटले. मग तिला बैठक आठवली आणि ते आटले.

कढीचा वास सहन होईना, म्हणून ती पाणी बदलू लागली. ते सगळे एकदम बदलायचा तिला आळस होता, म्हणून रोज थोडे जुने काढी आणि थोडे ताजे घाली. सोनसळीला खायला घालायचे तर धाडसच नव्हते. अशा रीतीने निव्वळ आळस आणि भीती यांच्या जोरावर उत्कृष्ट शुश्रूषा घडत गेली. सोनसळीचे पोट उतरले. एके सकाळी ती कलती झाली, सरळ झाली आणि शेपटी फडकावत पेटीभर भिरभिरू लागली. गोदूने तिथल्या तिथे तीन कोलांट्या मारल्या.

सोनसळी बरी झाल्याचे कळताच सिंह आयाळ चाचपत परतला. बगळा त्याच्या मागोमाग आला. "माझा उपाय सावकाश लागू पडतो," तो म्हणाला.

"आनंदोत्सव करा!" सिंह गरजला. "सगळ्यांनी सोनसळीला गोडधोड घेऊन या!"

आणि आले की हो सगळे! मध आला, केळी आली, पहिल्याहून मोठा फणस आला. वाजतगाजत मिरवणूक गुहेत शिरली. सर्वांत पुढे वानरमावशी होत्या. "अगंबाई, किती वाळली गं! खा, एवढंसं खा!"

सोनसळीने ती ताटे पाहिली. तिने गोदूकडे पाहिले. आणि मग अत्यंत शांतपणे, वामकुक्षीला निघाल्यासारखी, ती उताणी झाली.

गोदू पेटीकडे धावली. परंतु सोनसळीचा एक कल्ला हळूच, खोडकरपणे हलत होता. मासोळीला पापण्या नसतात, नाहीतर तिने नक्कीच डोळा मिचकावला असता.

गोदूने छाती भरून श्वास घेतला.

"दुखणं उलटलं! शेपट्या सांभाळा!"

ताटे जिथल्या तिथे पडली. मिरवणूक आली त्याहून वेगाने परतली. सिंह आयाळ धरून, आणि बगळा या खेपेला दोन्ही पायांवर. गुहा शांत होताच सोनसळी सरळ झाली. गोदूने पडलेला फणस जवळ ओढला व पेटीला पाठ टेकून ती निवांत गरे खाऊ लागली.

तात्पर्य : प्रकृती उत्तम राखायची असेल, तर भेटायला येणाऱ्यालाही लागू शकेल असाच आजार निवडावा.